कोणाच्या हाताखाली शिकलास?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या शॉपवर (कारखान्यातल्या मशीनच्या जागेवर) नवीन माणूस आला की जुने सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे कारागीर, त्याला सगळ्यात आधी हे विचारतात. आयटीआय कुठून केला, टक्के किती, आधी कुठे होतास, हे माझ्या टेबलाशी विचारून झालेलं असतं. फाइल तयार असते, गेटपास निघालेला असतो. तरी लेथपाशी पोचल्यावर चौकशी होते ती एवढीच. उत्तरात एखाद्या ओळखीच्या मिस्त्रींचं नाव निघालं की चेहरे खुलतात. "त्यांच्याकडे होतास? मग ये." आणि चकची (मशीनवर नग धरणाऱ्या पकडीची) चावी त्याच्या हातात येते.

गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी भरती आणि प्रशिक्षण पाहते. वडील सातपूरला टर्नर होते, त्यामुळे अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) हा शब्द मी लहानपणापासून घरात ऐकत आले आहे. आमच्याकडे पाहुण्यांची ओळखसुद्धा "हे माझ्याबरोबर अप्रेंटिसला होते" अशी करून दिली जायची, आणि ते नातं सख्ख्या नात्याच्या बरोबरीनं जपलं जायचं.

दर वर्षी आयटीआयचे निकाल लागले की माझ्याकडे दोन बाजूंनी एकच प्रश्न येतो. आमच्या ओळीतले छोटे कारखानदार चहाला थांबले की म्हणतात, "मॅडम, अप्रेंटिस घेऊन आपल्या पदरात काय पडतं? शिकवण्यात माणूस अडकतो, कागदपत्रं वेगळी, आणि शिकला की तो निघून जातो." मुलांचे वडील म्हणतात, "दोन वर्षं आयटीआय केला, आता आणखी वर्षभर शिकत बसायचं? कॉन्ट्रॅक्टरकडे उद्या लागला तर उद्यापासून जास्त पैसे." दोघांनाही मी सांगते की हे वर्ष सोडू नका. अट एकच. ते वर्ष खरोखर शिकण्यात गेलं पाहिजे. तसं गेलं तर दोघांचंही भलं होतं, आणि नुसतं हात वापरण्यात गेलं तर मुलगा आणि मालक दोघंही बुडतात. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला याला अपवाद सापडलेला नाही.

शिकण्यात म्हणजे काय, ते एका साध्या गोष्टीवरून सांगते. 50 मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा जॉब (घडवलेला नग) मशीनवरून नुकताच उतरला आहे. हाताला चांगला गरम लागतो, खोलीपेक्षा 20 अंशांनी तरी जास्त. नवा मुलगा मायक्रोमीटर घेतो, मोजतो, माप बरोबर मधोमध येतं, तो खूश होऊन पुढचा जॉब लावतो. स्टील तापलं की दर अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे हा जॉब त्या क्षणी आपल्या खऱ्या मापापेक्षा जवळजवळ 12 मायक्रॉन मोठा आहे. ड्रॉइंगवर माप कमीजास्त होण्याची सगळी मिळून 20 मायक्रॉनची सूट (टॉलरन्स) असेल, तर मधोमध वाटलेला जॉब थंड झाल्यावर खालच्या मर्यादेच्याही खाली जातो. संध्याकाळी इन्स्पेक्शनला अख्खा ट्रे अंडरसाइज निघतो, आणि अंडरसाइज शाफ्टला रिवर्क नसतो, तो सरळ स्क्रॅपमध्ये.

उष्णतेनं धातू प्रसरण पावतो हे त्या मुलानं सातवी-आठवीत पाठ केलेलं असतं. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस असतं हेही आयटीआयच्या पुस्तकात असतं. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसानं हातावर हात ठेवून "थांब, निवू दे" म्हणेपर्यंत ते दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत. आमचे सेटरकाका जॉब उचलल्यावर तो आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतात. मुलं पहिल्या आठवड्यात हसतात. तिसऱ्या महिन्यात तीच मुलं तसंच करताना दिसतात.

आपल्या नाशिकची हवाही यात हात घालते. डिसेंबरमध्ये पहिल्या शिफ्टला मशीन रात्रभर गार पडलेलं असतं. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) लावली, ऑफसेट (मापाच्या दुरुस्तीचे आकडे) कालचेच ठेवले आणि लगेच उत्पादन सुरू केलं, तर पहिले काही जॉब एका मापाचे आणि नंतरचे दुसऱ्या मापाचे येतात, कारण स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) हळूहळू तापत असतो. जाणता सेटर आधी मशीन रिकामं फिरवतो, मग पहिला जॉब काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस वेळ घालवतोय.

वडिलांच्या काळात कार्बाइडची कापायची पाती इतकी सर्रास नव्हती. ते हायस्पीड स्टीलचे टूल बिट स्वतः ग्राइंडरवर घासून धार लावायचे. अप्रेंटिस असताना त्यांच्या मिस्त्रींनी सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांना फक्त तेवढंच करायला लावलं होतं. कोन डोळ्यांनी मोजायचा, घासायचा, दाखवायचा, पुन्हा घासायचा. चिप (कापताना निघणारा धातूचा किस) निळी पडली की वडील लगेच स्पीड उतरवायचे, कारण उष्णता टूलच्या धारेपर्यंत गेली की हायस्पीड स्टीलची धार मऊ पडते. आज आमच्याकडे इन्सर्ट कार्बाइडचे आहेत, आणि स्टील कापताना चिप निळसर निघाली तर उष्णता चिपबरोबर बाहेर पडतेय, चांगलं चाललंय असं समजतात. खूण तीच, अर्थ उलटा. यूट्यूबवर दोन्ही प्रकारचे व्हिडिओ मिळतात, आणि कुठला आपल्या मशीनला लागू हे सांगायला कोणीतरी जवळ लागतंच.

कायद्याबद्दल थोडं सांगते, कारण अनेक पालकांना यात कायदा आहे हेच माहीत नसतं. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 चा, तो 1962 मध्ये लागू झाला. त्याच 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढे सातपूर, अंबड, सिन्नर असं आपलं औद्योगिक नाशिक वाढत गेलं. 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. या शहराची कारखानदारी आणि हा कायदा एकाच वयाचे आहेत. सातपूर कॉलनीत, श्रमिकनगरात, सिडकोत आज जी घरं उभी आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांचा पहिला पगार हा खरं तर स्टायपेंड होता.

कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे. म्हणून त्याच्याशी लेखी करार होतो आणि त्या कराराची नोंदणी होते. तो अठरा वर्षांच्या आतला असेल तर पालक सही करतात. मालकानं प्रशिक्षण द्यायचं, त्यासाठी पात्र माणूस नेमायचा. उमेदवारानं मन लावून शिकायचं आणि वर्गांना नियमित हजर राहायचं, हेही कायद्यातच लिहिलं आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या परवानगीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. सुरक्षेच्या बाबतीत मात्र कारखान्यांच्या सुरक्षा कायद्याच्या तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू होतात, आणि इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. शेवटी नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. हे मी प्रत्येक पालकाला करारावर सही करण्याआधी स्पष्ट सांगते, कारण खोट्या आशेवर कोणी वर्ष काढू नये.

पैशांचं सांगायचं तर 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआय झालेल्याला दरमहा किमान 7,000, पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये स्टायपेंड ठरवलं. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अप्रेंटिस घ्यायलाच हवेत. संख्या कंत्राटी धरून एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांमध्ये. समजा, एकशेवीस जणांचा कारखाना असेल, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त अठरा. 2016 पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं, आणि 2023 पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जातो. आयटीआयच्या मुलामागे त्या किमान दरानं वर्षाचे 84,000 होतात, त्यातले 18,000 सरकारचे, उरलेले 66,000 मालकाचे. अधिनियमाखालच्या अप्रेंटिसला भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा लागू होत नाही, त्यामुळे वरचा बोजा नाही.

राज्याची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही वेगळी गोष्ट. पालक पुष्कळदा दोन्हींची सरमिसळ करतात. तिच्यात विद्यावेतन राज्य सरकार देतं आणि सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती. अप्रेंटिसशिपमध्ये ट्रेड असतो, करार असतो, शेवटी ट्रेडची परीक्षा असते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी वीस टक्के जागा राखून असतात. नाशिकरोडला रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना डोळ्यांसमोर असलेल्या घरांना याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

कारखानदारांना 66,000 चा आकडा सांगितला की बरेचजण तिथेच थांबतात. "म्हणजे हेल्परपेक्षा स्वस्त पडतो." हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. खरं नुकसान तिथूनच सुरू होतं.

पूर्वी मी ज्या ठिकाणी होते तिथे हे जवळून पाहिलं आहे. फिटर ट्रेडची मुलं घेतली जायची आणि वर्षभर पॉवर प्रेसवर उभी केली जायची. पत्रा लाव, बटण दाब, काढ, पुन्हा लाव. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात ती एवढ्यासाठी की दाब खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. आकडा वाढावा म्हणून तिथे एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं असायचं, आणि एका मुलाच्या बोटाचं टोक गेलं. तो पेठ तालुक्यातून आला होता. त्याच्या आईला मी मेळा स्टँडवर घ्यायला गेले होते. त्याच बॅचमधल्या दुसऱ्या मुलाला वर्षाच्या शेवटी ट्रेडच्या परीक्षेत साधा नर-मादी जोड बसवता आला नाही. वर्षभरात त्यानं हातात कानस धरलीच नव्हती. कंपनीला काय मिळालं? एक अपघात, एक चौकशी, आणि सेटिंग न येणारे ऑपरेटर. पुढे तिथले सेटर एकामागून एक निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी उभा करायला तिथे घडवलेला एकही माणूस नव्हता. बाहेरून जास्त पगारावर माणसं आणावी लागली आणि ती टिकली नाहीत.

मला मालकांना सांगायचं आहे ते इथे. अप्रेंटिसची किंमत त्याच्याकडून या वर्षी किती नग निघाले यात शोधू नका. सातपूर-अंबडला जी पिढी सत्तर-ऐंशीच्या दशकात लागली, ती निवृत्त झाली किंवा उंबऱ्यावर आहे. तिच्या हातात जे आहे ते कुठल्याही वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये पूर्ण लिहिलेलं नाही, लिहिता येणारही नाही. चार जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये वेडावाकडा कास्टिंगचा तुकडा धरून डायलची सुई स्थिर करायची, हे माझे वडील बोलता बोलता करायचे. ते त्यांना लिहून द्या म्हटलं असतं तर अर्धं पान झालं असतं, आणि ते अर्धं पान वाचून कोणालाही ते आलं नसतं. हे काम ज्याच्या हातात आहे तो अजून शॉपवर आहे तोवर त्याच्या शेजारी कोणीतरी तरुण उभा असला पाहिजे. तो गेल्यावर उभा करून उपयोग नाही.

शिकवणाऱ्यालाही काहीतरी होतं. या फायद्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात मोठा वाटत आला आहे. गेल्या बॅचमध्ये मशिनिस्ट ट्रेडची एक मुलगी होती, सिन्नरकडची. ती काकांना म्हणाली, "काका, हवेची नळी इथेच लटकतेय, मग तुम्ही चक ब्रशनं का साफ करता? वेळ जातो ना." काका क्षणभर गोंधळले. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी चक उघडून दाखवलं. हवेचा झोत मारला की बारीक चिप जॉच्या बैठकीत आत जाऊन बसते, जॉब तिच्यावर टेकतो आणि रनआउट येतो, म्हणजे तो फिरताना डगमगतो. शिवाय उडालेली चिप डोळ्यात जाते ती वेगळीच. आमच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये तोवर "चक स्वच्छ करावा" एवढंच लिहिलेलं होतं. कशानं ते लिहिलं नव्हतं. शेजारच्या मशीनवरचे दोघं सर्रास हवा मारत होते आणि त्यांच्या रनआउटचं कारण आम्ही स्पिंडलमध्ये शोधत होतो. दुसऱ्या दिवशी सूचना बदलली. पुढच्या काही आठवड्यांत रिजेक्शनच्या वहीत त्या मशीनपुढे रनआउट हा शब्द बराच कमी दिसू लागला.

सेटरकाका आता शिकवायच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग घरी नेतात. त्यांच्या सूनबाईंनी मला हे सांगितलं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेला माणूस रात्री जेवणानंतर चष्मा लावून भूमितीय टॉलरन्सची चिन्हं पुन्हा वाचतो, कारण सकाळी अठरा वर्षांचं पोर काहीतरी विचारेल. कामात मुरलेल्या माणसाला असं पुन्हा जागं करणारी दुसरी कुठलीही ट्रेनिंग मी पाहिलेली नाही, आणि आम्ही पैसे मोजून पुष्कळ ट्रेनिंग केल्या आहेत.

नाशिकला हाताखाली शिकणं नवीन नाही. जुन्या नाशकात तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करणारी मुलं बापाशेजारी बसूनच शिकली. येवल्यात पैठणीच्या मागाशेजारी लेकरं आधी कांड्या भरायला बसतात, मग कधीतरी मागावर. या शिकण्याबद्दल मला खूप आदर आहे. पण ते शिकणं कोणाला मिळायचं, हे जन्मावर ठरायचं. तांबटाचा मुलगा तांबट, सुताराचा सुतार. सुरगाण्याच्या डोंगरातल्या कोकणा घरातल्या मुलानं कोणाच्या शेजारी बसायचं होतं? कायद्यानं दार उघडलं ते इथे. 1973 च्या दुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातींसाठी अप्रेंटिसच्या जागा राखीव झाल्या, 2007 मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी. आज आमच्या शॉपवर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकची मुलं आहेत, आणि त्यांना शिकवणारे काका वेगळ्याच जातीचे, वेगळ्याच गावचे आहेत. काका आपल्या मुलाला जे शिकवलं असतं तेच त्यांना शिकवतात. त्यांचा स्वतःचा मुलगा बँकेत आहे. पिढ्यान् पिढ्या घरातच राहिलेली विद्या अशी घराबाहेर गेली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मुली मात्र अजून कमी येतात. फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स करून बाहेर पडलेल्या चांगल्या मुली सातपूरच्या आयटीआयपासून आमच्या गेटपर्यंत पोचत नाहीत, कारण घरी पहिला प्रश्न शिफ्टचा आणि येण्याजाण्याचा असतो. पाथर्डी फाट्यापासून आतल्या रस्त्यानं संध्याकाळी चालत जाणं सोपं नाही. आम्ही मुलींना फक्त दिवसाची शिफ्ट ठेवली, स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली शॉपच्या जवळ केली, आणि कंपनीची गाडी निमाणीपर्यंत वाढवली. एवढं केल्यावर अर्ज आले. कुठल्याही कारखान्याला हे जमण्यासारखं आहे.

मुलाला काय मिळतं, हे वडील विचारतात तेव्हा मी त्यांना स्टायपेंडचा आकडा सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टरकडे त्याला त्याहून जास्त मिळेल, हे खरंच आहे. पण तिथे त्याला एक मशीन आणि एक बटण मिळेल, आणि तीन वर्षांनीही तो तेच बटण दाबत असेल. अप्रेंटिसच्या वर्षात तो टर्निंगला बसतो, मग मिलिंगला, मग टूलरूमला, थोडे दिवस इन्स्पेक्शनला, थोडे मेंटेनन्सला. ड्रॉइंग वाचायला लागतो. गो-नो गो गेज (नग मापात आहे की नाही हे बसण्या-न बसण्यावरून दाखवणारं साधन) जबरदस्तीनं घालायचा नसतो हे कळतं. चुकलेला जॉब लपवायचा नाही, आणून दाखवायचा, हेही याच वर्षात अंगात येतं. वरिष्ठांशी मान खाली न घालता बोलायला येतं. पहिल्या महिन्यात "हो मॅडम, नाही मॅडम" याच्या पलीकडे न बोलणारा मुलगा वर्षाच्या शेवटी मॅनेजरना सांगतो, "सर, हा फीड इथे चालणार नाही, टूल तुटेल," आणि कारणही देतो. ते ऐकताना त्याचे आईवडील तिथे असायला हवे होते असं मला दर वेळी वाटतं.

जर्मनीत ही पद्धत खूप रुजली आहे. तिथे मुलं तीन-साडेतीन वर्षं आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात शिकतात, आणि परीक्षा उद्योगांची चेंबर घेते. आपल्याकडे ज्याला अजूनही सगळे मायको म्हणतात, ती कंपनी त्याच मुलखातल्या बॉशची. त्यामुळे नाशिकला हा विचार अगदीच परका नाही. आपण फक्त एवढं घ्यावं की तिथे शिकवणाऱ्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरला जातो.

आणि आता "शिकला की निघून जातो" या तक्रारीकडे येते. हो, जातात. आमच्याकडे घडलेली मुलं आज गोंद्याला आहेत, चाकणला आहेत, एक ओझरला आहे. पहिल्यांदा मोठ्या साहेबांना हे फार लागलं होतं. मग आम्ही आमच्याच माणसांची यादी काढून पाहिली. टूलरूममधले दोघं सातपूरला शिकलेले, ग्राइंडिंगचे काका सिन्नरला, मेंटेनन्सचे तिघं वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले. आम्ही एकालाही पहिल्यापासून घडवलं नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी घडवलेली माणसं आम्ही इतकी वर्षं वापरत होतो. अख्ख्या वसाहतीत सगळ्यांनीच शिकवलं, तर कोणालाच माणूस कमी पडणार नाही. आणि जे थांबतात ते का थांबतात, हेही पाहिलं. पगार हे एक कारण असतंच. पण ज्यांना नीट शिकवलं गेलं, ज्यांच्या शंकेला कोणी उडवून लावलं नाही, ती मुलं जाताना चार वेळा विचार करतात, आणि गेली तरी दिवाळीला काकांना फोन करतात. दोन जण परत आले. त्यांची मुलाखत घ्यावी लागली नाही.

यंदाच्या बॅचसाठी माझं आणि प्रॉडक्शनवाल्यांचं एकाच गोष्टीवरून चाललं आहे. शिकवणाऱ्या सेटरच्या मशीनचं रोजचं टार्गेट पहिल्या तासापुरतं कमी धरा, असं मी मागते आहे. तो तास टार्गेटमध्ये धरला की काका एका डोळ्यानं घड्याळ बघतात आणि मुलाचा प्रश्न अर्ध्यावर राहतो. मॅनेजर म्हणतात, एवढे नग कुठून भरून काढायचे? मी त्यांच्यापुढे मागच्या वर्षीची रिजेक्शनची वही ठेवली आहे. पहिल्या शिफ्टचे पहिले दोन तास तिथे लाल शाईनं भरलेले आहेत. साहेबांनी दोन मशीनवर तीन महिने करून बघा म्हणून परवानगी दिली. प्लॅनिंगच्या बोर्डावर सोमवारपासून त्या दोन मशीनपुढे आठ ते नऊ हा रकाना रिकामा राहील, आणि तिथे काकांनी काय शिकवलं ते मुलानं स्वतःच्या वहीत लिहून मला संध्याकाळी दाखवायचं असं ठरलं आहे.